सोलरच्या गरम पाण्याची धार बारीक झाली तर काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

गार पाण्याचा नळ जोरात येतो आणि त्याच्याच शेजारचा गरम पाण्याचा नळ करंगळीएवढी धार सोडतो. गच्चीवर सोलर असलेल्या पुण्यातल्या घरांमध्ये ही तक्रार थंडीत वाढते, कारण गरम कॉक पूर्ण उघडण्याची वेळ तेव्हाच येते. प्लंबरला सांगितलं की बहुतेकदा पहिला सल्ला मिळतो तो प्रेशर पंप बसवण्याचा. हा सल्ला घाईचा आहे. कॉक आतून अडकला असेल, लाइनमध्ये हवा धरली असेल किंवा मिक्सरच्या, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, जाळीत क्षार साचले असतील, तर पंप लावून मूळ दोष तिथंच राहतो आणि वर आवाज, वीजबिल आणि गळती यांची भर पडते. धार नेमकी कुठं मरते ते आधी शोधायचं. बादली, घड्याळ आणि सुटीच्या दिवशीची एक सकाळ एवढ्यात ते जमतं.

आधी सोलरचं पाणी नळापर्यंत येतं कसं ते समजून घ्या

घरगुती सोलर बहुतेक ठिकाणी नॉन-प्रेशर प्रकारचा असतो. गच्चीवर गार पाण्याची टाकी उंचावर, तिच्या खाली सोलरची इन्सुलेशन केलेली टाकी आणि तिला जोडलेल्या काचेच्या नळ्या किंवा सपाट पॅनेल. गार पाणी सोलर टाकीत तळाकडून शिरतं आणि गरम पाणी माथ्याकडून बाहेर पडतं. पंप नसतो. गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीचं वजनच गरम पाण्याला खाली ढकलतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती अनेकांना पटकन पटत नाही. सोलरची टाकी काठोकाठ भरलेली असली, आतलं पाणी कढत असलं, तरी गार पाणी आत आलं नाही तर गरम पाणी बाहेर पडणार नाही. गरम पाण्याचं तोंड वरच्या बाजूला असल्यामुळे गार टाकीतली पातळी सोलर टाकीच्या माथ्याखाली गेली की नळाची धार बारीक होत होत थांबते. म्हणून ‘सोलर बिघडला’ असं म्हणण्याआधी गार पाण्याच्या टाकीत डोकवा.

दाबाचा हिशेबही सोपा आहे. १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. समजा गार टाकीतली पातळी गच्चीच्या फरशीपासून २.५ मीटरवर आहे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा शॉवर गच्चीच्या फरशीखाली ०.९ मीटरवर आहे. उंचीचा फरक ३.४ मीटर, म्हणजे दाब फक्त ०.३४ बार. एक मजला खाली गेलं की त्यात आणखी ०.३ बारची भर पडते. वरच्या मजल्यावर मोठ्या थाळीचा रेन शॉवर आणि एका दांडीचा मिक्सर बसवला की धार कमी वाटणारच. अशा फिटिंगला किमान किती दाब लागतो ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं. विकत घेण्यापूर्वी तो आकडा पाहा.

धार कधीपासून कमी आहे?

याच प्रश्नाच्या उत्तरावर अर्धं निदान होतं.

सोलर बसवला त्या दिवसापासून धार कमी असेल, तर दोष रचनेत आहे: पाइप बारीक, उंची अपुरी, चुकीचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह), गरज नसताना टाकलेले एल्बो (पाइपचे काटकोनी वळणाचे तुकडे). इथं साफसफाई करून फरक पडत नाही.

वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी झाली असेल, तर क्षार. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात तर हा पहिला संशयित.

काल ठीक होती आणि आज कमी झाली, तर हवा, अर्धवट फिरलेला कॉक किंवा टाकी साफ केल्यावर लाइनमध्ये गेलेला गाळ. पुणे महापालिका देखभालीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबानं येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी आहे. अशा दिवशी गार टाकी तळाला गेली की सोलरच्या लाइनमध्ये हवा शिरते. पाणी परत आलं तरी ती हवा आपोआप निघेलच असं नाही.

बादलीनं मोजा

अंदाजानं सांगितलेल्या ‘कमी’ धारेचा उपयोग नाही. २० लिटरची बादली घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा.

घरातले बाकीचे नळ बंद ठेवून एका बाथरूममध्ये आधी गार आणि मग गरम नळ पूर्ण उघडून बादली भरा. हेच दुसऱ्या बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरात करा. सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा. २ मिनिटांत बादली भरली तर मिनिटाला १० लिटर, हे उत्तम. ३ ते ४ मिनिटं लागली तर अंघोळीला पुरेल. ५ मिनिटांहून जास्त लागली तर पुढची तपासणी करा.

आकड्यांचा अर्थ असा. एकाच नळाला गरम धार कमी असेल, तर दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये, म्हणजे नळाआधी भिंतीवर असलेल्या छोट्या कॉकमध्ये. एका बाथरूममधले सगळे गरम नळ मंद असतील, तर त्या बाथरूमच्या शाखेत किंवा मध्ये बसवलेल्या गीझरमध्ये. घरभर गरम धार कमी आणि गार व्यवस्थित असेल, तर मुख्य गरम लाइनमध्ये किंवा गच्चीवर. गार आणि गरम दोन्ही मंद असतील, तर सोलरला हात लावू नका. टाकीची पातळी आणि टाकीतून निघणारा मुख्य कॉक बघा.

आणखी एक चाचणी जरूर करा, ती फार कमी जण करतात. गरम नळ उघडा ठेवून एकामागून एक पाच बादल्या भरा आणि पहिल्या व पाचव्या बादलीची वेळ ताडून पाहा. पाणी वाया घालवू नका, कपडे भिजवायला किंवा फरशी पुसायला घ्या. पाचवी बादली पहिलीपेक्षा बरीच हळू भरली, तर सोलर टाकीत जाणारं गार पाणीच कमी पडतंय. सुरुवातीला टाकीतलं आणि व्हेंट पाइपमधलं (टाकीच्या माथ्यावरच्या उघड्या उभ्या पाइपमधलं) पाणी धार टिकवतं, मग आत येणाऱ्या पाण्याएवढीच धार उरते आणि नळ मध्येमध्ये हवा सोडतो. दोन्ही बादल्यांना सारखाच वेळ लागला, तर अडथळा बहुतेक गरम पाण्याच्या बाजूला आहे.

नळापासून सुरुवात करा, गच्चीवरून नव्हे

नळाच्या तोंडाशी फिरवून निघणारी बारीक जाळी असते, तिला एरेटर म्हणतात. ती काढा. कठीण पाणी असेल तर तिच्यावर पांढरे-पिवळट खडे दिसतील. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तिला अर्धा तास भिजवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. शॉवरच्या थाळीलाही हाच उपाय. जाळी काढलेली असतानाच नळ उघडून पाहा. धार सुधारली तर काम तिथंच संपलं.

सुधारली नाही, तर भिंतीतून मिक्सरकडे येणारा गरम बाजूचा अँगल कॉक बघा. तो पूर्ण उघडा आहे का? बंद करून मिक्सरकडे जाणारी वेणीची नळी सोडवा, बादली धरा आणि कॉक हळूच उघडा. इथं पाणी जोरात आलं तर दोष मिक्सरमध्ये आहे. एका दांडीच्या मिक्सरमध्ये सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं. गरम बाजूची त्याची भोकं क्षारांनी आधी बुजतात. लिंबूसत्त्वात भिजवून फरक पडला नाही तर त्याच मापाचं कार्ट्रिज आणा. दुकानात जुनं कार्ट्रिज दाखवायला न्या, कारण ३५ आणि ४० मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास मिळतात आणि बुडाची रचनाही वेगवेगळी असते.

सोलरची लाइन गीझरमधून नळाला आलेली असेल, तर थोडं थांबून नीट पाहा. पुण्यात अनेक घरांत पावसाळ्यासाठी अशी जोडणी केलेली असते. साठवणीच्या गीझरच्या गार तोंडाशी एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि त्यातच स्प्रिंगचा एनआरव्ही असतो. पाण्याला ती स्प्रिंग ढकलून आत जावं लागतं. गच्चीवरच्या टाकीचा दाब मुळातच ०.३-०.४ बार असताना त्यातला चांगलाच भाग इथं खर्च होतो, आणि त्या व्हॉल्व्हमध्ये खडे अडकले तर धार जवळजवळ मरते. उपाय म्हणजे व्हॉल्व्ह साफ करणं किंवा बदलणं. ‘काढून टाकतो, धार वाढेल’ असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. थर्मोस्टॅट बिघडला तर वाढलेला दाब याच व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तो नसेल तर गीझर फुटू शकतो. त्यापेक्षा तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास करून घ्या, म्हणजे ऊन असलेल्या दिवसांत सोलरचं पाणी गीझरला वळसा घालून थेट नळाला येईल. गीझरचे दोन्ही कॉक बंद असताना त्याचा स्विच चालू राहणार नाही याची काळजी मात्र घ्यायला हवी. स्विचवरच चिठ्ठी चिकटवा.

लाइनमध्ये हवा धरली असेल तर

खूण ओळखायला सोपी आहे. नळ उघडल्यावर आधी फसफस, मग तुटक धार, मध्येच पाणी, मध्येच हवा. किंवा काहीच नाही आणि थोड्या वेळानं बारीक धार. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, म्हणून गार लाइनपेक्षा गरम लाइनमध्ये हा त्रास जास्त होतो. पाइप कुठं वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर ती हवा त्या उंचवट्यात साठते. कठड्यावरून नेलेला पाइप, दारावरून वळवलेला पाइप, दोन क्लॅम्पमध्ये ढिला पडून लोंबकळणारा सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक) पाइप या तिच्या नेहमीच्या जागा. पंपाचा जोर असता तर पाण्यानं हवा पुढं ढकलली असती. ०.३ बारला ते जमत नाही.

हवा काढायची रीत:

१. गार टाकी पूर्ण भरू द्या. पातळी जितकी वर तितका जोर जास्त.

२. घरातले सगळे गरम नळ पूर्ण उघडा, सर्वांत खालच्या मजल्यावरचा आधी. १० मिनिटं तसेच राहू द्या. फसफस थांबून धार सलग झाली की वरच्या मजल्यापासून एकेक बंद करत या.

३. एवढ्यानं नाही झालं, तर उलटं पाणी ढकलायचं. दोन वेगळ्या चाव्यांचा जुना भिंतीवरचा मिक्सर असेल तर त्याचं तोंड तळहातानं घट्ट दाबा आणि दोन्ही चाव्या उघडा. गार बाजूला जोर जास्त असेल तर गार पाणी गरम लाइनमध्ये घुसून हवेला वर गच्चीकडे ढकलतं. २०-३० सेकंद पुरे. तोंडातून कढत पाणी येत नाही ना, हे आधी बघा.

४. असा मिक्सर नसेल तर बागेच्या नळीचा तुकडा घ्या. गार नळ आणि गरम नळ त्यानं जोडा, क्लिप आवळा आणि बाकीचे गरम नळ बंद ठेवून आधी गरम, मग गार उघडा. एकानं गच्चीवर उभं राहून व्हेंट पाइपकडे लक्ष ठेवायचं. तिथून बुडबुडे आणि मग पाणी आलं की लगेच थांबायचं.

शेवटच्या दोन कृतींसाठी गार पाणी गच्चीच्या टाकीतलं किंवा घरच्या छोट्या पंपावरचं असावं. महापालिकेच्या थेट लाइनला सोलरची लाइन कधीही जोडू नका, कारण तिचा दाब गेला की तुमच्या टाकीतलं पाणी सार्वजनिक नळाच्या पाण्यात ओढलं जाऊ शकतं. गरम लाइनवर एनआरव्ही असेल, तर उलटं पाणी तिथंच अडेल. मग प्लंबरकडून एनआरव्हीच्या वरचं युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड) सोडवून हवा काढून घ्यावी लागते.

दर आठवड्याला हवा धरत असेल तर पाइपची वाट सुधारा. उंचवट्याच्या माथ्यावर टी टाकून अर्ध्या इंची उभा व्हेंट काढा. त्याचं टोक गार टाकीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान १ फूट वर हवं, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहील. टोक खाली वळवून जाळी बांधा. पाऊण इंची सीपीव्हीसीला दर ३ फुटांवर क्लॅम्प द्या. स्वयंचलित एअर व्हेंटही मिळतात, पण बोअरच्या पाण्यात ते क्षारांनी चिकटतात. साधा उभा पाइप जास्त भरवशाचा.

गच्चीवर जाताना

सोलरमधलं पाणी उन्हाळ्यात ७०-८० अंशांपर्यंत जातं. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत कातडी भाजतं. म्हणून जाड रबरी हातमोजे, पूर्ण बूट, आणि काम सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यानंतर. सोलर टाकीत वीजेची बॅकअप कॉइल असेल तर तिचा एमसीबी आधी पाडा. टाकी रिकामी झाली आणि कॉइल चालू राहिली, तर ती जळते.

काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या पडल्या असतील तर त्यांत गार पाणी सोडू नका. कोरडी नळी आतून २०० अंशांच्याही वर जाते. गार पाणी लागताच ती तडकते आणि काच उडते. अशा वेळी नळ्यांवर जाड चादर टाका, संध्याकाळ होऊ द्या आणि मगच पाणी भरा.

गच्चीवरची तपासणी

गार टाकीतली पातळी आधी पाहिलीच आहे. आता सोलरकडे जाणारं तिचं भोक पाहा. ते टाकीच्या तळाला लागून असेल तर गाळ सरळ लाइनमध्ये जातो. तळापासून ३-४ इंच वर असलेलं चांगलं.

मग गार फीडचा, म्हणजे सोलर टाकीत गार पाणी नेणाऱ्या पाइपचा, कॉक. बॉल व्हॉल्व्हची दांडी पाइपला समांतर असेल तर तो उघडा आहे. चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह असेल, तर चाक पूर्ण उघडं फिरलं म्हणून समाधान मानू नका. कठीण पाण्यात आतला दरवाजा दांड्यापासून सुटून खालीच राहतो आणि चाक मात्र छान फिरतं. बाहेरून काही दिसत नाही. पाचव्या बादलीची चाचणी नापास झाली असेल आणि फीडवर जुना गेट व्हॉल्व्ह असेल, तर तो सरळ बदला. त्याच्या जागी पूर्ण भोकाचा १ इंची बॉल व्हॉल्व्ह बसवा. स्वस्त बॉल व्हॉल्व्ह बाहेरून १ इंची असला तरी आतलं भोक बरंच लहान असतं. घेताना त्यातून बोट घालून पाहा.

पुढं व्हेंट पाइप, म्हणजे सोलर टाकीच्या माथ्यावरून निघणारा उघडा उभा पाइप. त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, कधी पाणी उडतं म्हणून कोणीतरी बूच मारलेलं असतं. बूच आधी काढा. गरम पाणी बाहेर जाताना आत हवा किंवा पाणी यायलाच हवं. ते आलं नाही तर टाकीत पोकळी तयार होते, धार मंदावते आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. उलट पाणी तापून फुगलं आणि व्हेंट बंद असेल, तर टाकीचे जोड उसवतात. व्हेंटमधून रोज पाणी वाहत असेल तर त्याची दोन कारणं: त्याची उंची गार टाकीच्या पातळीपेक्षा कमी आहे, किंवा घरात एखाद्या मिक्सरमधून पंपाच्या दाबाचं गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. दुसऱ्या कारणासाठी मिक्सरला लावलेला हेल्थ फॉसेट (कमोडजवळचा बंदुकीसारखा हातफवारा) आधी तपासा. बंदुकीचा खटका सोडला, पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहिल्या, की गार-गरम पाणी आतल्या आत मिसळत राहतं.

शेवटी गरम पाण्याचं तोंड. इथंच सगळा निकाल लागतो. गार फीडचा कॉक बंद करा, गरम तोंडावरचं युनियन सोडवा, खाली बादली ठेवा आणि एका बाजूला उभं राहून फीडचा कॉक हळूहळू उघडा. इथं २० लिटर एका मिनिटात किंवा त्याच्या आसपास भरले, तर सोलर निर्दोष आहे आणि अडथळा खालच्या पाइपात आहे. इथंच धार बारीक असेल तर फीड, व्हेंट किंवा टाकीच्या तोंडाशी जमलेला क्षार. युनियन उघडलंच आहे तर बोटानं तोंड चाचपा. क्षाराचं पांढरं कडं असेल तर हाताला लगेच लागतं.

गरम लाइनवरचा एनआरव्हीही पाहून घ्या. स्प्रिंगचा असेल तर इतक्या कमी दाबावर तो धार खातोच. त्याजागी झडपेचा एनआरव्ही आडव्या पाइपात, बाण प्रवाहाच्या दिशेनं ठेवून बसवा. घरात गार आणि गरम दोन्हींचा दाब एकाच टाकीवरून येत असेल, तर बऱ्याचदा त्याची गरजच नसते.

क्षारांचं काय करायचं

पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापल्यावर मोडतात आणि न विरघळणारा कार्बोनेट बनून भिंतींना चिकटतात. ६० अंशांच्या पुढं हा वेग बराच वाढतो. म्हणून गार लाइन वर्षानुवर्षं स्वच्छ आणि गरम लाइन बुजलेली, असं दिसतं. खडकवासला साखळीतलं धरणाचं पाणी तुलनेनं मऊ आहे. बेसॉल्टमध्ये खोल गेलेल्या बोअरचं पाणी अनेक ठिकाणी कठीण असतं आणि वाघोली, उंड्री, पिसोळीसारख्या टँकरवरच्या भागांत कोणत्या विहिरीचं पाणी आलं यावर सगळं ठरतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. थेंबांचं तपासणी किट घेऊन वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि एप्रिलमध्ये, स्वतःच्या टाकीतलं पाणी तपासा.

जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असेल तर आम्लावर पैसे घालवू नका. आत गंज आणि क्षार एकत्र बसलेले असतात. आम्लानं थर सुटतो आणि त्यामागे झिजलेला पाइप गळायला लागतो. तो बदला.

सीपीव्हीसी लाइन धुता येते. पाऊण इंची पाइपचा आतला व्यास सुमारे १८ मिलिमीटर, म्हणजे मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. ३० मीटर लाइनला ८ लिटर लागतं. लिटरला ५० ग्रॅम या हिशेबानं ४०० ग्रॅम लिंबूसत्त्व ४० अंशांच्या कोमट पाण्यात विरघळवा. फार गरम पाणी घेऊ नका, त्यात कॅल्शियम सायट्रेटचाच साका बसतो. सोलरचं गरम तोंड कॉकनं बंद करा, सगळे मिक्सर अँगल कॉकपाशी वेगळे करा आणि गच्चीवरच्या युनियनमधून द्रावण ओता. वरचं टोक उघडंच ठेवा, कारण फेस येऊन वायू सुटतो. २ ते ३ तासांनी खालून सोडा, नंतर स्वच्छ पाण्यानं सुटे तुकडे यायचे थांबेपर्यंत धुवा. मगच मिक्सर जोडा, नाहीतर तेच तुकडे कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतील. हे द्रावण संगमरवर आणि शहाबादी फरशीवर सांडलं तर डाग पडतो. ब्लीचजवळ तर नेऊच नका, विषारी क्लोरीन सुटतो.

बाथरूमचं ॲसिड सोलर टाकीत किंवा लाइनमध्ये कधीही ओतू नका. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पडतात आणि अशी टाकी दुरुस्त होत नाही. टाकी आणि काचेच्या नळ्यांच्या तळाशी साचलेली पांढरी भुकटी काढायचं काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. सपाट पॅनेलच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसले तर नळाची धार कमी होत नाही, पाणी कमी तापतं. त्या दोन तक्रारी वेगळ्या ठेवा.

पाइप बदलायचा की पंप लावायचा

सगळं स्वच्छ असूनही धार पुरत नसेल, तर पाइपचं माप बघा. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा आतला व्यास सुमारे १२.४ मिलिमीटर, पाऊण इंचीचा १८. म्हणजे वाट दुपटीहून जास्त मोठी. कमी दाबाच्या लाइनमध्ये हा फरक फार मोठा असतो. टाकीतून १ इंची, उभी लाइन पाऊण इंची आणि फक्त शेवटचा तुकडा अर्धा इंची, ही रचना बहुतेक घरांना पुरते. सोलरजवळ साधा पीव्हीसी पाइप असेल तर तोही काढा, गरम पाण्यानं तो मऊ होऊन पिचतो.

पंप लावायचाच झाला तर तो गरम तोंडानंतर लावा. सोलर टाकीच्या गार फीडवर पंप लावणं धोक्याचं आहे, नॉन-प्रेशर टाकी तो दाब सोसत नाही. पंप गरम पाण्यासाठीचा आहे ना, ते त्याच्या पाटीवरच्या तापमानावरून बघा, ८० अंशांहून कमी नको. फ्लो स्विचचा पंप सुरू व्हायला आधी थोडं पाणी आपणहून वाहावं लागतं. वरच्या मजल्यावर तेवढंही वाहत नसेल, तर तो सुरूच होत नाही आणि तिथं प्रेशर स्विचचा लागतो. फीड १ इंची नसेल तर पंप व्हेंटमधून हवा ओढेल आणि नळ थुंकू लागेल. आणि फक्त गरम लाइनवर पंप लावला तर मिक्सरमध्ये गरम पाणी गारवर मात करून उलट्या दिशेला घुसतं. दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा हवा.

सोसायटीत राहत असाल तर

वर-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. तुमच्या एकट्याच्या घरी त्रास असेल तर वर सांगितलेली घरातली तपासणी करा. एकाच डक्टमधल्या (उभे पाइप जातात त्या पोकळीवरच्या) सगळ्या फ्लॅटना असेल, तर त्या उभ्या लाइनचा कॉक किंवा उंच इमारतीत मधल्या मजल्यांवर बसवलेला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बघायला सांगा. त्याच्या आधी एक गाळणी असते आणि ती वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. एका विंगला भरपूर आणि दुसरीला कमी पाणी येत असेल, तर परतीच्या लाइनवरचे (गरम पाणी फिरवून परत टाकीकडे नेणाऱ्या पाइपवरचे) बॅलन्सिंग कॉक, म्हणजे विंगांमध्ये पाणी सारखं वाटणारे कॉक, बिघडलेले असतात. ते एकेका घरानं परस्पर फिरवायचे नसतात, एका विंगची धार वाढली की दुसरीची तेवढीच कमी होते. समितीकडे तक्रार लिहून देताना सकाळी ६, ७ आणि ८ वाजताच्या बादलीच्या वेळा, मजला आणि डक्ट लिहा. तीन-चार घरांचे असे आकडे एकत्र मिळाले, तर देखभाल करणाऱ्याला थेट योग्य कॉकपाशी जाता येतं.